पुढचं डावं मडगार्ड

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. रस्ता सपाट करणारा नव्हे आणि भिंतीला रंग फासणाराही नव्हे. मी मोटारगाडीच्या मडगार्डाची कड मुडपणारा रोलर आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारख्याचं नावही ऐकलेलं नसेल आणि उरलेल्यांना त्याचं काही विशेष वाटत नसेल. तरी मी सांगतो. हल्ली मला काम कमी आहे आणि वेळ फार आहे, आणि खिळ्याला लटकून भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बोललेलं बरं.

गाडीच्या प्रत्येक चाकावर पत्र्याची एक कमान असते. तिला मडगार्ड म्हणतात. बाहेरून ती कशी गुळगुळीत दिसते. पण उभ्या गाडीच्या त्या कमानीखाली जरा हात घालून बघा, आणि घालण्याआधी गाडी कुणाची आहे त्याला विचारा, म्हणजे आत बोटभर रुंदीची एक कड वळवलेली लागेल. ती कड सुरीसारखी असते. गाडीला तिचं मूळचं चाक आहे तोवर तिचा कुणाला त्रास नाही. पण चाक रुंद घातलं आणि गाडी खड्ड्यात दबली, की ती कड टायरला चावते. रोज थोडीथोडी चावते, आणि मग एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो. ती कड आतल्या आत मुडपून सपाट करायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मडगार्ड जरासं बाहेर काढायचं, हे माझं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, मला ठाऊक आहे.

माझा जन्म लेथवाल्याकडे झाला. माझा दांडा भंगारातल्या एका गाडीच्या ॲक्सलचा आहे. ज्या चकतीनं मला चाकाच्या जागी बसवतात, ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची आहे. मूठ मोडक्या सायकलच्या हँडलची. फक्त टोकाचा रोलर लेथवाल्यानं पांढऱ्या नायलॉनच्या ठोकळ्यातून नवा कातला, आणि त्यातही कातताना त्याचा हात घसरला, म्हणून माझ्या रोलरच्या कडेला नखाएवढी खाच आहे. ती खाच लक्षात ठेवा. तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे. बाकी मी जन्मलो तेव्हाच अर्धा म्हातारा होतो, त्यामुळे आजचा थकवा मला फारसा परका वाटत नाही.

मला घडवून घेतलं मिस्त्रीनं. माझ्याआधी तो हेच काम लाकडी दांडक्यानं करायचा. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दांडकं खुपसायचं आणि दोघांनी गाडी मागं-पुढं ढकलायची. काम व्हायचं, पण कड अशी वेडीवाकडी व्हायची की गिऱ्हाईक तोंड पाडून घरी जायचं. मग मिस्त्रीनं कुठल्याशा मासिकात माझ्यासारख्या एकाचं चित्र पाहिलं, ते गॅरेजच्या भिंतीवर खडूनं मोठं करून काढलं आणि लेथवाल्याला हाताला धरून आणून दाखवलं. लेथवाल्यानं विचारलं की हा उंटाचा पाय तू मला कशाला दाखवतोस. तरी आठ दिवसांत त्यानं मला उभा केला.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. मधोमध जुन्या ताडपत्रीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मिस्त्री पत्रा ठोकायचा आणि पलीकडे त्याचा भागीदार रंग मारायचा. पत्र्याचं मिस्त्रीनं बघायचं, रंगाचं रंगवाल्यानं, आणि एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा दोघांचा करार होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण दोघांनी जन्मभर पाळला. मिस्त्री तापट, बोलका, घाईचा. रंगवाला त्याच्या अगदी उलट. कुणी काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, ‘वाळू दे.’ गाडी कधी देणार, वाळू दे. जेवायला येतोस का, वाळू दे. शेवटी लोक त्याला वाळूदे याच नावानं हाक मारू लागले आणि तोही ओ देऊ लागला.

त्या वाळूदेची स्वतःची एक जुनी गाडी होती. तिला त्यानं मोरपंखी रंग मारला होता. तो रंग कुठल्या डब्यातला नव्हता. त्यानं सहा महिने थेंब थेंब कालवून तो बनवला होता आणि त्याचं माप कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. सावलीत ती गाडी हिरवी दिसायची आणि उन्हात आणली की निळी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

माझं पहिलं काम त्याच गाडीवर झालं. लोकांच्या गाडीवर प्रयोग नको, असं रंगवाल्याचं म्हणणं. माझ्याच गाडीवर कर, बिघडलं तर रंग माझ्या हातात आहे, असं तो मिस्त्रीला म्हणाला. शनिवारची संध्याकाळ होती. पुढचं डावं चाक काढलं, त्याच्याच नटांनी मला तिथं आवळलं, आणि मिस्त्रीनं मूठ धरून मला डावीकडून उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. मी नवा होतो, तो नवा होता. दोघांनाही अंगातली ताकद दाखवायची घाई झाली होती. मध्येच कुठंतरी टिच असा बारीक आवाज झाला. मला वाटलं, आपलाच एखादा नट जागेवर बसला असेल. उजेड कमी झाला होता. रंगाचं बघणं रंगवाल्याचं काम, म्हणून तो बॅटरी घेऊन खाली वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, झकास झालंय, बाकीची तीन सावकाश करू.

सोमवारी ती गाडी गॅरेजच्या दारात उभी होती आणि मडगार्ड आरशासारखं चमकत होतं. मिस्त्रीला आकाश ठेंगणं झालं. मलाही झालं. खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात रंगवाला गरम हवा फेकणारी एक हीट गन घेऊन आला. कुणीतरी सांगत होतं की रंग गरम केल्याशिवाय पत्रा वाकवू नये, रंग थंड असला की तडकतो, असं तो म्हणाला. मिस्त्री हसला. परवा तर गरम न करता झालं की, कुठं काय तडकलं, असं त्यानं विचारलं. रंगवाल्यानं वाद घातला नाही. फक्त मिस्त्रीचा हात धरला, तो उलटा करून तापलेल्या पत्र्यावर टेकवला आणि म्हणाला, “तापलेल्या पोराचं कपाळ बघतोस ना, तसं बघायचं. हात ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही, तेवढं झालं की थांब.”

मिस्त्रीनं ते धरलं ते कायमचं. पुढची एकोणीस वर्षं त्यानं कधी उष्णतेचा काटा बघितला नाही की घड्याळ बघितलं नाही. उलटा हात टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि मग मान हलवायची. दहा वेळा मला फिरवायचं, माझा स्क्रू अर्धा फेरा पिळायचा, परत गरम करायचं, परत हात. एका मडगार्डाला तास जायचा. मी मात्र रंगवाल्याला मनातल्या मनात नावं ठेवायचो. पहिलं काम मी थंड पत्र्यावर इतकं सफाईनं केलं, आणि हा माणूस उगीच चोचले करतो, असं मला वाटायचं.

त्या एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून किती गाड्या गेल्या, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. हौशी तरुण यायचे, त्यांना जमिनीला चिकटलेली गाडी आणि बाहेर आलेली चाकं हवी असायची. माल वाहणारे यायचे, त्यांना हौस नव्हती, पण ओझ्यानं गाडी बसली की त्यांचे टायर कापले जायचे. एक शिक्षक यायचे, त्यांना नक्की काय हवं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण ते दरवर्षी यायचे आणि समाधानानं जायचे. काम झालं की प्रत्येक जण कमानीखाली बोट फिरवायचा आणि मिस्त्रीकडे बघून मान डोलवायचा. मी तेव्हा जमिनीवर पडलेला असायचो, धुळीत, आणि तरी माझी छाती फुगायची.

नवं गिऱ्हाईक का-कू करू लागलं की मिस्त्री त्याला दारातल्या मोरपंखी गाडीपाशी न्यायचा. हे आमचं पहिलंच काम, एक रेघ तरी दिसते का सांगा, असं छातीठोकपणे विचारायचा. रेघ दिसायची नाही. रंगवाला तिथं असला तर पडद्यामागं निघून जायचा. मिस्त्री त्याला दर दोन-चार महिन्यांनी विचारायचा की तुझी बाकीची तीन मडगार्डं कधी करायची. उत्तर ठरलेलं, वाळू दे. त्यात वाळायचं काय होतं ते मला कधी समजलं नाही.

मग रंगवाला गेला. आजारी पडला, अंथरुणाला खिळला आणि थोड्या दिवसांत गेला. त्याची गाडी त्याच्या घरी गेली. मिस्त्रीनं ताडपत्रीचा पडदा काढला नाही. पलीकडची जागा तशीच ठेवली, आणि रंगाचं काम बाहेरून करून घेऊ लागला. त्यानंतर शेडमध्ये कुणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही.

त्याच सुमारास मिस्त्रीच्या हाताचं सुरू झालं. जन्मभर ग्राइंडर धरला, हातोडी मारली. त्या हादऱ्यांनी बोटांच्या शिरा गेल्या, असं डॉक्टर फार नंतर म्हणाले. आधी मुंग्या यायच्या, मग बोटं पांढरी पडायची, मग कळणंच बंद झालं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण माझी मूठ त्याच हातात असायची, मला कसं कळणार नाही? पूर्वी तो मला धरायचा तेव्हा पत्रा कुठं नरम आहे, कुठं कडक आहे, हे माझ्यातून त्याच्या बोटांपर्यंत पोचायचं. आता ते माझ्या मुठीपाशीच थांबू लागलं. दोन गाड्यांचा रंग फोडांनी भरला. दोन्ही वेळा त्यानं रंगाला दोष दिला. हल्ली रंगच भिकार येतो, असं म्हणाला.

मग एके सकाळी त्यानं मला पुसलं, आणि चांगला चार-चार वेळा पुसून मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. कड मुडपायला कुणी आलं की तो सांगू लागला, ते आता बंद केलं, आता कोण करून घेतं. मी दोन वर्षं तिथं टांगलेला होतो. माझ्या मुठीला गंज आला, दांड्यावर कोळ्यानं जाळं विणलं. मला राग यायचा. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि शेवटी खिळा दाखवला, असं वाटायचं. नंतर रागाचाही कंटाळा आला.

एका दुपारी शेडच्या दारात मोरपंखी गाडी येऊन उभी राहिली.

तिच्यातून रंगवाल्याची मुलगी उतरली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेत होती. आता ती नोकरी करत होती आणि आईला सांभाळत होती. आईला आठवड्यातून दोनदा उपचारांना न्यावं लागे, मागच्या सीटवर आडवं निजवून. गाडीच्या मूळ मापाचे टायर मिळेनासे झाले होते, म्हणून तिनं जरा रुंद मापाचे घातले होते. तिनं मिस्त्रीला खाली वाकायला लावून टायर दाखवला. टायरच्या बाजूच्या कडेला चहूकडून एक चर पडला होता आणि आतले दोरे दिसू लागले होते. आई मागं असताना हा फुटला तर काय, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तिला सांगितलं होतं की कड ग्राइंडरनं कापून टाकू आणि सगळी गाडी नव्या रंगानं मारून देऊ. ती तिथून गाडी घेऊन तशीच आमच्याकडे आली होती.

“काका, बाबांचा रंग राहिला पाहिजे,” ती म्हणाली. “तेवढं तुम्हीच कराल.”

मिस्त्री खिळ्याकडे बघत उभा राहिला. नाही म्हणायला त्याला तोंड उघडता आलं असतं. हाताचं सांगता आलं असतं. पण ज्या मुलीला त्यानं बोनेटवर बसवून केळं खायला घातलं होतं, ती तेवढं तुम्हीच कराल म्हणत होती, आणि त्याला ते ऐकायला बरं वाटलं. म्हातारपणी असं बरं वाटणं फार महागात पडतं. त्यानं मला खाली उतरवलं, जाळं झटकलं, तेल घातलं आणि तिला बाहेर स्टुलावर बसायला सांगितलं.

सुरुवात त्यानं पुढच्या डाव्या मडगार्डापासून केली. ते आपणच पूर्वी केलेलं, कड मुडपलेलीच आहे, जरासं बाहेर काढलं की झालं, असा त्याचा हिशेब. मला त्याच नटांनी त्याच जागी आवळलं. एकवीस वर्षांनी मी परत तिथं होतो. त्यानं हीट गन फिरवली, उलटा हात टेकवला आणि डोळे मिटले. हात कितीतरी वेळ तिथंच राहिला. जितका ठेवावासा वाटू नये तितका वेळ राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मला ओरडावंसं वाटलं की अरे, तुला कळत नाहीये. पण मी लोखंड. त्यानं मान हलवली आणि माझी मूठ धरली.

चौथ्या फेरीला टिच असा आवाज झाला.

त्याचे कान चांगले होते. तो जागच्या जागी थांबला. वाकून बघितलं तर कमानीच्या काठाशी केसाएवढी रेघ वर गेली होती आणि कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. पापुद्रा दाबून बसवला असता तर दोन पावसाळे कुणाला दिसला नसता. नंतर आत पाणी जाऊन पत्रा कुजला असता, पण तेव्हा कोण कुणाला विचारायला येतंय. मुलगी बाहेर पाठमोरी बसली होती. मिस्त्रीचा अंगठा त्या पापुद्र्यावर होता. मित्रांनो, मी त्याच्याबरोबर उभी हयात काढली, पण त्या घडीला तो काय करेल हे मला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

त्यानं अंगठा काढला.

“पोरी, इकडे ये,” तो म्हणाला. ती आली. “रंग गेला. माझ्या हाताला कळत नाही. दोन वर्षं झाली, ऊन-गार काही कळत नाही. हे मी काम घेण्याआधी सांगायला हवं होतं. तुझ्या बापाचा रंग मी घालवला.”

एवढं बोलून तो भिंतीला टेकला.  मला तेव्हा खिळ्याचा अर्थ कळला. त्यानं मला टाकलं नव्हतं, तो स्वतःलाच टांगून बसला होता. दोन वर्षं मी त्याच्यावर उगीच दात धरला, याची मला लाज वाटली.

मुलगी खाली बसली. तिनं बॅटरी मागून घेतली आणि कमानीखाली बघू लागली. अगदी तिच्या बापासारखी, बराच वेळ. मग सुटलेला पापुद्रा तिनं नखानं अलगद काढून तळहातावर घेतला आणि मिस्त्रीसमोर धरला. रंग पातळ होता, पण त्याच्या पाठीला चिरा बुजवायच्या पुट्टीचा गुलाबी, जाड थर चिकटला होता. पुट्टीवर मारलेला रंग कितीही नीट गरम केला तरी वाकवताना तडकतोच, कारण पुट्टी वाकत नाही. हे गॅरेजातलं शेंबडं पोर सांगेल. मिस्त्रीच्या हाताचा यात दोष नव्हता.

पण मिस्त्री सुटकेचा श्वास टाकायचा विसरून त्या गुलाबी रंगाकडे बघत राहिला. पुट्टीत चिमूटभर लाल प्रायमर घालायची सवय एकाच माणसाला होती. मिस्त्रीनं खरवडायची पत्री घेऊन उरलेली पुट्टी काढली. खाली पत्र्यावर एक आडवी चीर होती, जुनी, आणि चिरेच्या बाजूला दाबल्याची एक खूण. नखाएवढ्या खाचेची खूण.

ती माझी होती. मी थंड पत्र्यावर, घाईघाईत, पहिल्याच दिवशी केलेली. तो टिच आवाज माझ्या नटाचा नव्हता.

“मला माहीत होतं, काका,” मुलगी म्हणाली. “मी आठ वर्षांची होते. रविवार होता. बाबा दिवसभर हे घासत बसले होते आणि मी बॅटरी धरली होती. मी म्हटलं, मिस्त्रीकाकांना सांगू का? तर म्हणाले, नको. त्याचा हात आत्ता कुठं बसतोय.”

मिस्त्री रंगाच्या एका उपड्या डब्यावर बसला. ताडपत्रीच्या पडद्याकडे तोंड करून बसला. हीट गन का आली, बाकीची तीन मडगार्डं का राहिली, गिऱ्हाइकाला गाडी दाखवताना रंगवाला आत का निघून जायचा, हे सगळं त्याला आत्ता कळत होतं आणि मलाही. एकवीस वर्षं ज्या कामाच्या जोरावर आम्ही दोघं मिरवलो, ते काम फसलेलं होतं. ते रंगवाल्यानं झाकलं होतं, आणि आपण झाकलंय हेही झाकलं होतं. मिस्त्रीचे डोळे वाहत होते. पुसायला हात वर नेला, पण गालावर हात लागला की नाही हे त्याला कळलं नसावं, कारण तो तसाच ओला राहिला.

“मी त्याला दहादा म्हटलं, बघ, एक रेघ दिसत नाही,” तो म्हणाला.

“घरी येऊन हसायचे,” ती म्हणाली. “आईला सांगायचे, आज परत माझी गाडी दाखवली.”

मिस्त्रीलाही हसू आलं. रडता रडता आलं, पण आलं.

मग तिनं बाह्या वर केल्या आणि गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाकीची तीन अजून व्हायची आहेत, तुम्ही मूठ धरा, हात माझा घ्या, असं म्हणाली. पत्रा किती गरम हवा ते सांगा. मिस्त्रीनं तिचा हात धरला, उलटा केला आणि पत्र्यावर टेकवला. ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही, तेवढं झालं की सांग, असं तो तिला म्हणाला. हे शब्द त्याच शेडमध्ये पूर्वी कुणी म्हटले होते ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

त्या दिवशी आम्ही तीन मडगार्डं केली. अंधार पडायच्या आत संपवली. ती ‘आता’ म्हणायची, मिस्त्री मला फिरवायचा, आणि मी इतका जपून फिरलो की माझं मलाच नवल वाटलं. एकाही ठिकाणी आवाज झाला नाही. पुढच्या डाव्या मडगार्डाची चीर मिस्त्रीनं सांधली, उघड्या पत्र्यावरच ते जरासं बाहेर काढलं, आणि मग पुट्टी न भरता नुसता प्रायमर मारला. रंगवाल्याच्या रंगाची एक बाटली मुलीच्या घरी कपाटात होती, तळाशी थोडा उरलेला, दाट झालेला. तिनं तो पातळ करून ब्रशनं लावला. गाडीचा रंग उन्हानं उतरला होता आणि बाटलीतला तसाच राहिला होता, त्यामुळे ठिगळ स्पष्ट दिसतं. मिस्त्री म्हणाला, रंगाशी रंग मिळवून देतो, वाळू दे. ती म्हणाली, राहू दे, दिसू दे. पुढच्याच दिवशी ती त्याच गाडीतून आईला घेऊन गेली, आणि टायर कुठंही लागला नाही.

काम झालं त्या संध्याकाळी मिस्त्रीनं घरी बायकोला हाताचं सांगितलं. ही हकीकत तिनंच दुसऱ्या दिवशी डबा द्यायला आल्यावर हसत हसत ऐकवली, म्हणून मला कळली. ती त्याला म्हणाली होती, “अहो, दोन वर्षं तुमच्या चहाचा कप मी आधी माझ्या हातात धरून बघते. तुम्हाला काय वाटलं, चहा आपोआप कोमट होतो?”

आता मी परत खिळ्यावर आहे, पण पुढच्या भिंतीला, दारातून दिसेन असा. महिन्यातून दोन-तीन गाड्या येतात. मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की माझा हात बधिर आहे, तुमचा लावावा लागेल. काही जण तोंड वाकडं करून जातात. काही जण थांबतात, बाह्या वर करतात आणि स्वतःच्याच गाडीला उलटा हात लावून उभे राहतात, आणि त्यांचा चेहरा जरा बदलतो. काम पूर्वीपेक्षा हळू होतं. मी दमतो, मिस्त्री दमतो. नायलॉन झिजलंय, पण खाच अजून आहे.

माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही, मित्रांनो. अवजार वापरलंत तर पुसून ठेवा, तेवढं आम्हाला पुरतं. आणि ज्या कामावर तुम्ही रोज मिरवता, त्याच्या पुट्टीखाली कुणाचा रविवार गेला असेल, हे तुम्हाला माहीत नाही एवढं लक्षात असू द्या. मला ते कळायला एकवीस वर्षं लागली आणि तोवर आभार मानायला तो माणूस उरला नव्हता. कधी आमच्या शेडवरून गेलात तर आत या. उलटा हात पुढं करा. तेवढ्यानं आमचं निभेल.